तळहातावरचा कापूस

सकाळी दहाचं ऊन अंगणवाडीच्या उंबऱ्यावर टेकलं की इंदूबाई आपला तळहात त्यात धरायच्या, आणि त्या तळहातावर सरकी काढून मोकळा केलेला चिमूटभर कापूस असायचा. वेचणीच्या दिवसांत नांदुऱ्याच्या बाजाराकडे निघालेल्या गाड्यांतला कापूस रस्त्याकाठच्या बाभळींना अडकून राहतो. बाई येता येता तो काट्यांतून सोडवत आणि पदराच्या टोकाला बांधून आणत.

आधी श्वास, मग आवाज, आणि पाटीवरची रेघ सगळ्यांत शेवटी, असा त्यांच्या अक्षरांचा क्रम होता. ‘स’ शिकायला त्या पोरांना जळगाव जामोदच्या एसटीच्या ब्रेकची वाट बघायला लावत. ‘ट’साठी दारावर टिचक्या. कापसाचा खेळ मात्र सगळ्यांचा लाडका. कापूस तोंडासमोर धरून ‘प’ म्हटलं तर तो जागचा हलत नसे. ‘फ’ म्हटलं की उडे, आणि सगळा वर्ग त्याच्यामागे धावे. बाईंना दमा. त्यांच्या ‘फ’नं कापूस जेमतेम थरथरे, आणि बाईंना हरवलं म्हणून पोरं नाचत. बाई खुशाल हरत.

माझ्या तनूला ‘फ’ येत नव्हता. एकदा मुलं हसली आणि चार वर्षांच्या त्या पोरीनं अंगणवाडीत तोंड उघडणंच सोडलं. ही अशीच मुकी राहिली तर शाळेत हिचं कसं व्हायचं, ही काळजी मला लागली. उतावळेपणानं मी तिला घरी शिकवलं आणि शिकवलं ते चुकीचं. ती आवाजाविना नुसती फुंकर मारू लागली. बाईंनी मलाच झापलं.

‘काऊन व माय, चूल पेटवाची हाय का? तिले फुकाले नोको शिकवू, बोलू दे. अन् तू भाईर बस.’

मी बाहेर बसले. बरेच दिवस बसले. होळीच्या सुमारास एका सकाळी बाईंच्या तळहातावरचा कापूस उडाला आणि त्याच्यासोबत तनूचा घोगरा, जोरकस ‘फ’ दारापर्यंत आला. मी रडले; त्यात लाज कसली?

बाई गेल्या वर्षी गेल्या, दम्यानंच. तनूला घेऊन मी त्यांच्या घरी पोचले तेव्हा शेजारची एक म्हातारी श्वास आहे का ते बघायला त्यांच्या नाकाशी कापूस धरून होती. तो हलत नव्हता. तनूनं माझा हात ओढला आणि हळूच म्हणाली, ‘आई, बाईले फ म्हनाले सांग ना.’



यंदाही वेचणी सुरू झाली आणि बाभळींना कापूस लागला. जाता येता मी थोडा सोडवून घेते, तळहातावर ठेवते, कुणी बघत नाही असं पाहून ‘फ’ म्हणते. तो दर वेळी उडतो, आणि हरायला समोर बाई नसतात.