उजव्या बुटातला निळा तुकडा

मित्रांनो, मी एक जुना चपलांचा रॅक आहे. नाक मुरडू नका! घरात कोण आलं आणि कोण गेलं, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या या घरात मी खोक्यात बंद होऊन आलो. जागृती आणि प्रसाद या नवराबायकोने माझ्या फळ्या जोडल्या. शेवटी एक स्क्रू उरलाच, म्हणून मी आजही जरा डावीकडे कलतो. दर रविवारी घरी बुद्धवंदना असायची. वीस-पंचवीस जोड माझ्यावर दाटीवाटीने बसायचे. 'दारापासूनच किती नीटनेटकं घर,' असं लोक म्हणायचे आणि मी फुलून जायचो.

मग एका मार्चमध्ये प्रसाद दोन बॅगा घेऊन निघाला. "मी परत येणार नाही," म्हणाला. लेक रुही शाळेत होती. ऐकायला फक्त जागृती आणि मी. त्याचे ऑफिसचे काळे बूट वरच्या फळीवर राहिले. लोक काय म्हणतील या भीतीने जागृतीने ते हलवले नाहीत. कुणी विचारलं की सांगायची, "प्रोजेक्टसाठी टूरवर आहे." बूट पाहून लोकांना ते खरं वाटायचं. त्या खोटेपणात मीही सामील होतो, याची मला लाज वाटते.

वर्ष उलटल्यावर जागृतीने घटस्फोटाचा अर्ज केला. जोडीदार कायमचा सोडून गेला आणि वर्षभर परतला नाही, तर टेक्सासच्या कायद्यात ते घटस्फोटाचं एक कारण धरतात. पण प्रसादने कोर्टाला कळवलं, 'नोव्हेंबरपर्यंत मी घरीच राहत होतो.' म्हणजे वर्ष भरतच नव्हतं. शेजारीही म्हणाले, त्याचे बूट तर दारात दिसायचे!

मे महिन्यातल्या एका रविवारी जागृती माझ्याजवळ उभी राहून वकील अनिकाशी स्पीकरवर बोलत होती.

"आपण फक्त 'पटत नाही' असं लिहू या. प्रूव्ह करायला इझी जाईल," अनिका म्हणाली.

"नको. तो सोडून गेलाय. वर्षभर मी सगळ्यांशी खोटं बोलले. कोर्टात तरी खरं सांगू दे."

वंदनेला आलेल्या सुहासिनी काकू तेव्हा माझा आधार घेऊन चपला काढत होत्या. काकू नागपूरच्या, सत्तरीच्या, कमी बोलणाऱ्या.

"साक्षीला माझं नाव लिही," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी एप्रिलमध्ये जयंतीला रुहीचा फुगा इथेच फुटला ना? त्याचा निळा तुकडा प्रसादच्या उजव्या बुटात पडला. दर रविवारी बघते मी. तेरा महिने झाले, तुकडा तिथेच आहे. आणि त्या जयंतीलाही प्रसाद नव्हता."

जागृतीचे डोळे भरून आले. "काकू, तुम्हाला माहीत होतं? मग विचारलं का नाही?"

"तू सांगशील तेव्हा ऐकायचं ठरवलं होतं."

मित्रांनो, इतकी मोठी माणसं माझ्यावर चपला ठेवतात!

काकूंनी पांढरी साडी नेसून, दुभाष्याच्या मदतीने साक्ष दिली. प्रसादच्या वकिलाने खूप खोदून विचारलं, पण त्या हलल्या नाहीत. कोर्टाने निकालात 'सोडून गेला' हेच कारण मान्य केलं. त्या संध्याकाळी जागृतीने काळे बूट खोक्यात भरले आणि माझी वरची फळी ओल्या फडक्याने स्वच्छ पुसली.

मला अधूनमधून पुसत जा, एवढंच माझं मागणं. आणि कुणाच्या दारातले बूट महिनोन्महिने जागचे हलले नाहीत, तर काकूंसारखं त्या घरी जात राहा.

पुढच्या रविवारी काकू खालच्या फळीकडे वाकल्या. जागृतीने त्यांच्या हातातून चपला घेतल्या आणि वरच्या फळीवर ठेवल्या. तेव्हापासून ती जागा काकूंची आहे.