मानाचे चाळीस बोर्ड

मी रागीट आहे हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. नेपानगरच्या कागद कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात एकतीस वर्षं काढली, तिथेही लीलाधर चौधरी आज ड्यूटीवर आहेत की नाहीत, हे लोक गेटवरच आवाजावरून ओळखायचे. निवृत्त झाल्यावर बऱ्हाणपुरात राजघाटाच्या रस्त्यावर दोन खोल्या घेतल्या आणि ट्यूबवेलच्या स्टार्टरमध्ये बसणारे बोर्ड जोडायचं काम सुरू केलं. कोरे बोर्ड बंद पाकिटांतून तयार येतात. आम्ही त्यांवर सुटे भाग बसवतो, सोल्डरचे टाके देतो, तपासतो आणि पाठवतो. बाहेरच्या खोलीत टाके, आतल्या खोलीत पॅकिंग. कामाला आठ बाया, आणि त्यांच्यात सगळ्यात चांगला हात मनकर्णाबाईंचा.

मनकर्णाबाई डोईफोडिया गावच्या. वय पन्नाशीचं, शिक्षण पाचवी. टाका कसा असावा हे मी नव्या बाईला समजावत बसत नाही, त्यांचा बोर्ड तिच्या हातात देतो.

या वर्षी दसरा होऊन तीन आठवडे झाले आणि बोर्ड परत यायला लागले. तक्रार एकच. केळीच्या बागेत मोटार दोन दिवस चालते, मग बंद. पेटीला थाप मारली की सुरू, पुन्हा बंद. एकूण सतरा बोर्ड आले. जोडणारीचा नंबर आम्ही बोर्डाच्या मागे लिहितो, तो सतराही बोर्डांवर मनकर्णाबाईंचा होता.

भिंगाखाली पाहिलं तर टाके गोल, चकचकीत, पण खाली तांब्याला धरलेलेच नाहीत. सुईने ढकलला की टाका अख्खा निघून यायचा. आमच्या टेबलावर हे बोर्ड पास झाले होते, कारण टेबल हलत नाही. बागेत मोटार सुरू होताना स्टार्टर प्रत्येक वेळी खाडकन दणका देतो, त्या हादऱ्याने टाके सुटले.

माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर ओरडलो, "मनकर्णाबाई, डोळे गेले तुमचे! उद्यापासून पॅकिंगला बसा."

 त्यांनी सोल्डरिंग आयर्नचं टोक स्पंजवर पुसलं, बटण बंद केलं आणि आत निघून गेल्या.

त्यांच्या शेजारी राहणारी ज्योत्स्ना आमच्याकडेच कामाला आहे. आठवड्याने ती म्हणाली, "काका, मावशी रोज सुईत दोरा ओवून बघते. पहिल्या बारीला जातो, तरी बोलती है, माझा हात गेला. गावी परत जायचं म्हणते."

ऐकून वाईट वाटलं. पण माझं असं आहे की वाईट वाटलं की मी आणखी चिडतो. "तू तुझं काम कर," म्हणालो.

तिचं काम म्हणजे परत आलेले बोर्ड दुरुस्त करणं. दोन दिवसांनी तिनेच हाक मारली. "काका, जरा इधर आओ. ह्याच्या भोकात कुंकू आहे."

कुंकू? मी भिंग ओढलं. एका भोकाच्या कडेला लाल कण होता आणि शेजारी हळदीचा पिवळा डाग.

"ये तो पूजावाले बोर्ड आहेत ना?" ज्योत्स्ना म्हणाली.

होते. खंडेनवमीला आम्ही आयर्न, पकडी, मीटर सगळं पाटावर मांडतो. या वर्षी मोठी ऑर्डर होती, म्हणून मीच हौसेने कोऱ्या बोर्डांची पाकिटं फोडली, चाळीस बोर्ड मांडले, हळद-कुंकू वाहिलं, पाणी शिंपडलं. दसऱ्याला हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून दोन दिवस ते तसेच उघडे राहिले. तिसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसले आणि पूजेतले बोर्ड पहिला मान म्हणून सगळ्यात चांगल्या हाताला दिले. कोऱ्या बोर्डाच्या तांब्यावर डोळ्याला न दिसणारा पातळ थर असतो. हळद, पाणी लागून तो गेला की तांबं काळवंडतं आणि सोल्डर धरत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पूजेच्या वेळी ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

एक बोर्ड मी देव्हाऱ्यात ठेवला होता. तो काढला आणि स्वतः आयर्न घेऊन बसलो. सोल्डर गोळा होऊन नुसतं वर बसलं. बंद पाकिटातला नवा बोर्ड घेतला, तर क्षणात पसरून चिकटलं. तेवढ्यात मला दसऱ्यानंतरची ती सकाळ आठवली.

मी आत गेलो. मनकर्णाबाई खोक्यांना चिकटपट्टी लावत होत्या. खाली मान घालून हळूच म्हणालो, "बोर्ड खराब होते. तुमचा हात चांगला आहे. चला, जागेवर बसा."

त्यांनी पट्टी दाताने तोडली. "त्या दिवशी पहिल्याच बोर्डाले मले समजलं व्हतं, भाऊ. सोल्डर बसत नव्हतं. बोर्ड घेऊन तुमच्याकडे आली व्हती. तुमी काय म्हणले?"

मला तेच आठवलं होतं. मी म्हणालो होतो, "पूजेच्या बोर्डाला नावं ठेवू नका, गुमान काम करा."

"मंग तुमी डोळे गेले म्हणले," त्या म्हणाल्या, "अन् मले बी खरं वाटलं. इतकी वर्षं ह्या हातावर इश्वास ठेवला, तो तुमच्या एका बोलण्याने गेला." त्यांचे डोळे भरले होते, आवाज मात्र स्थिर होता. "तवा सगळ्यांच्या सामने बोलले ना? मंग आता बी सगळ्यांच्या सामने बोला."

मी बाहेरच्या खोलीत उभा राहिलो. बायांनी हात थांबवले. पाकिटं मी फोडली, चूक माझी होती, बाईंनी सांगितलं होतं तरी मी ऐकलं नाही, असं सगळं म्हणालो.  एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

मनकर्णाबाई दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात उभ्या होत्या.

"आतल्या बायांले ऐकू नही आलं, भाऊ," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तर गल्लीपर्यंत आवाज गेला व्हता."

मी घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, त्या दिवशीच्याच आवाजात.