एक मणी, एक बोळा

बीबी गावच्या सोजराबाईने आजवर एकही सप्ताह चुकवला नव्हता. कीर्तन म्हटलं की सासूबाई तव्यावरची भाकर तव्यावर सोडून निघतात, असं तिची सूनच हसत हसत सांगे. आज मारुतीच्या देवळात काल्याचं कीर्तन रंगलं होतं, मोतीरामबुवांचा आवाज मंडपाबाहेर ऐकू जात होता, आणि सोजराबाई खांबाआड तोंड लपवून बसली होती. टाळी वाजवायला हात उचलत नव्हता.

देवळाच्या भिंतीला लागूनच लहान मुलांचा दवाखाना. जिल्ह्याच्या गावी एका ट्रस्टने काढलेला, बारा खाटांचा. तिथे तिचा तीन महिन्यांचा नातू बारा दिवस झाले पडून होता. आधीची दोन लेकरं हाती लागली नाहीत, म्हणून याला जन्मताच उकिरड्यावर टेकवून घरात घेतलं आणि नाव ठेवलं उकंडा. असलं नाव ऐकून तरी यमाने तोंड फिरवावं. मोठा दुष्काळ सरून तीन वर्षं झाली होती, घरात दाणा होता, गोठ्यात गाय होती. पण उकंडाच्या पोटात दुधाचा थेंब ठरत नव्हता. पाजलं की जुलाब. त्यात त्याची आई गीता मुदतीच्या तापाने अंथरुणाला खिळलेली. तेव्हा आजीच लेकराला पोटाशी धरून एस्टीत बसली.

डॉक्टर हिंमतराव धामणगाव बढे या गावचे. मुंबईत शिकून आलेले, तिशीच्या आतबाहेरचे. त्यांनी उकंडाच्या डोक्यातली शीर शोधून केसासारखी सुई घातली, वर बाटली टांगली आणि म्हणाले, "आजी, याच्या आतड्याले आता सुट्टी. तोंडातून काहीच नाही. जे लागते ते शिरेतून."

"पाण्यानं कुठं पोट भरते का जी?"

"हे नुसतं सलाईन नाही. यात साखर आहे, मीठ आहे, अन् मुंबईहून मागवलेलं प्रोटीनचं पाणी आहे. मोठ्या माणसाले किती द्यायचं ते कळलं आहे. पण एवढ्याशा जिवाले किती पुरते, किती सोसते, हे अजून कोणालेच धड ठाऊक नाही. मुंबईचे माझे गुरुजीही शोधूनच राह्यले. म्हणून मी रोज लिहितो. आत किती गेलं, बाहेर किती आलं, वजन किती भरलं. नऊ लेकरांचं लिहून त्यांना धाडायचं आहे. तुमचा उकंडा पाचवा."

सोजराबाईला सगळं कळलं नाही, पण मान हलवली. आणि खरंच, उकंडाने गुण दिला. चार दिवसांत जुलाब आटोक्यात आले. पाचव्या दिवशी तराजूवर साठ ग्रॅम वजन वाढलं, तेव्हा सिंधूताई सिस्टरने साखर वाटायचीच काय ती बाकी ठेवली.

पण लेकरू हुशार झालं तसं त्याला भूक कळायला लागली. निपचित होतं तोवर गप्प होतं. आता ते आजीच्या छातीशी तोंड घासून धुंडाळू लागलं. रिकामे ओठ चोखायचं. तो आवाज बाईच्या काळजात सुरीसारखा फिरे. ओठ सुकू नयेत म्हणून सिंधूताईने उकळलेल्या पाण्याची वाटी आणि थोडा कापूस तिच्या हवाली केला होता. "ओठ तेवढे ओले करत जा, आजी. पोटात जाऊ देऊ नका."

सहाव्या दिवशी दुपारी सोजराबाई देवळामागच्या गुरवाच्या घरी गेली. लेकरासाठी म्हटल्यावर गुरवाच्या बायकोने शेळीचं दूध वाटीत घालून दिलं, वर झाकायला पान दिलं. इतर खाटांकडे पाठ करून, पदराच्या आडोशाने सोजराबाईने त्याच कापसाचा बोळा वळला, दुधात बुडवला आणि उकंडाच्या तोंडात दिला. लेकराने असा काही चोखला की बाईचे डोळे भरून आले. हात देवाच्या नावाशिवाय हलायचा नाही, ही तिची जन्माची सवय. एक बोळा, एक मणी, रामकृष्णहरी. गळ्यातल्या तुळशीच्या माळेचे सत्तावीस मणी झाले तेव्हा उकंडा झोपला. दुसऱ्या दिवशी अर्धी माळ. पुढचे दोन दिवस पुरी माळ. आपल्या हातून पुण्य घडतंय, असंच तिला वाटत होतं.

दहाव्या दिवशी सकाळपासून जुलाब सुरू झाले ते थांबेनात. कमावलेलं वजन गेलं, वर आणखी गेलं. डॉक्टर तक्ता हातात घेऊन खाटेशी उभे राहिले. "सिस्टर, तोंडातून काही?"

"काय बोलता डॉक्टर! आजीच्या गळ्यात माळ आहे. माळकरी बाई खोटं वागणार नाही. मी हमी घेते."

डॉक्टरांनी तरी विचारलं, "आजी, काही गेलं का?"

सोजराबाईचा हात आपसूक माळेवर गेला. आणि माळ मुठीत धरून तिने मान हलवली. नाही.

त्या घटकेपासून तिने दूध बंद केलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. डॉक्टरांनी दोन दिवस वाट पाहिली, पुस्तकं चाळली, आणि शेवटी तक्त्यावर तांबड्या शाईने ओळ लिहिली. ती त्यांनी सिस्टरला वाचून दाखवली तेव्हा सोजराबाई तिथेच होती. तोंडातून काही न देताही जुलाब वाढले. एवढ्या लहान बाळाला प्रोटीनचं पाणी सोसत नाही. कपाटातल्या आठ बाटल्या आज दुपारच्या एस्टीने परत जाणार होत्या, सोबत तशी चिठ्ठी.

शेजारच्या खाटेवर लोणारची चांगुणा. तिचं वांग्या-मेथीचं वावर, आठवडी बाजारात दुकान मांडणारी, बोलायला तिखट बाई. तिच्या पोरीच्या बरगड्या लांबून मोजता येत. तिलाही सोमवारपासून तेच पाणी लावायचं ठरलं होतं.

"मंग माह्या पोरीले काय लावसान?" चांगुणाने विचारलं.

"साधं सलाईन," डॉक्टर म्हणाले, आणि तिच्याकडे न बघता निघून गेले.

नुसत्या सलाईनवरचं लेकरू कसं विझत जातं, ते मागच्याच आठवड्यात कोपऱ्यातल्या खाटेवर दोघींनी पाहिलं होतं. चांगुणाने पोरीच्या अंगावरची माशी तेवढी हाकलली.

हे सगळं पोटात घेऊन सोजराबाई काल्याला आली होती. देवाच्या दारात जरा हलकं वाटेल, ही वेडी आशा. पण देवाने तिथेच तिला गाठलं.

मोतीरामबुवा रोज दवाखान्यात येऊन लेकरांना अंगारा लावत. कीर्तनाच्या भरात ते थांबले, टाळकऱ्यांना हात केला आणि म्हणाले, "अरे, भक्ती पाहाची तं लांब कायले जाता? ते पाहा खांबामागं. बीबीची माय. बारा दिवस झाले नातवाच्या उशाशी बसून आहे. लेकरू भुकेनं रडते, अन् ही बाई दगडासारखी बसते. काऊन? डॉक्टरच्या शब्दावर इश्वास! असा इश्वास देवावर ठेवा रे बाप्पा!"

सगळ्या माना वळल्या. शेजारच्या बाईने तिच्या पायाला हात लावला. "भाग्याची वं माय तू." सोजराबाईला वाटलं, हा खांब अंगावर पडावा.

दहीहंडी फुटली. बुवांनी तिला पुढे बोलावलं, कपाळाला बुक्का लावला आणि दही-लाह्यांचा काला तिच्या ओंजळीत घातला. "जाय माय. आधी उकंडाच्या ओठाले लाव, मंग तू खाय. देव तुह्यं सोनं करीन."

ओंजळीत दही गार लागत होतं. त्यातून पाणी मनगटावर ओघळलं. "नाही जी बुवा," ती म्हणाली.

"काऊन वं?"

"त्याच्या तोंडाले काही लावाचं नव्हतं. म्या लावलं."

"अवं, प्रसादानं कोणाचं वाईट झालं का आजपावतर?"

"प्रसादाचं नाही सांगून राह्यली, बुवा. माह्यं सांगून राह्यली. चार दिवस चोरून शेळीचं दूध पाजलं म्या. डॉक्टरनं इचारलं तं माळ धरून खोटी बोलली."

पखवाजावर बसलेला माणूस मध्येच हसला आणि गप्प झाला. मागून कुणीतरी म्हणालं, "आता हे माळकरी!" बुवांचं तोंड उतरलं. मग त्यांनी तिच्या ओंजळीतला काला परत भांड्यात घेतला. "सरका रे. वाट द्या तिले. कीर्तन इथं नाही, तिकडं आहे तिचं."

बायकांनी पाय आवरून वाट दिली. मघाशी पायाला हात लावणारीने लुगडंही आवरलं.

दवाखान्याच्या पडवीत शिपाई खोक्यात गवत कोंबत होता. सात बाटल्या आत, आठवी हातात. सोजराबाई धापा टाकत डॉक्टरांपुढे उभी राहिली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळी झाली. वाटी, पान, बोळा, माळ.

डॉक्टर बाकावर खाली बसले. सिंधूताईचा चेहरा पांढरा पडला. "आजी, मी माणसाची नव्हती घेतली हमी. तुमच्या माळेची घेतली होती," एवढंच ती म्हणाली.

चांगुणा मात्र दारातून तडतडली. "वा वं वा! नातवाच्या तोंडात घालता घालता माह्या लेकीच्या तोंडचा घास काढून घेत होतीस की! अन् मी तुले रोज पाया पडून राह्यली होती!"

सोजराबाईने गळ्यातली माळ ओढली. "हे मले शोभत नाही. हे काढून ठेवते."

"राहू द्या," डॉक्टर एकदम म्हणाले. "माळ मले पाहिजे. कोणत्या दिवशी किती मणी?"

तिला वाटलं, चेष्टा करतात. पण त्यांनी पेन उघडलं होतं. तिने सांगितलं. पहिल्या दिवशी सत्तावीस, मग चौपन्न, मग दोन दिवस एकशेआठ. डॉक्टरांनी कापूस, पाण्याची वाटी आणि औषध मापायचा काचेचा पेला मागवला. "तसाच बोळा वळा. तसाच बुडवा. यात पिळा. दहा वेळा."

भरल्या पडवीत, शिपाई, सिस्टर, खाटांवरच्या आया बघत असताना, सोजराबाईने पदराआड केलेलं ते काम उघड्यावर करून दाखवलं. पहिला बोळा खालीच पडला. "पुन्हा," डॉक्टर म्हणाले. एक बोळा, एक मणी. सवयीने तोंडात देवाचं नाव आलं. तिने ते गिळलं. दहा झाले तेव्हा पेल्यात बारा सी. सी. पाणी होतं.

डॉक्टरांनी आकडे मांडले आणि तांबड्या ओळीवर एक आडवी रेघ मारली. एकच, ओळ वाचता येईल अशी. "खोडलेलंही दिसलं पाहिजे," ते सिस्टरला म्हणाले. खाली नवीन लिहिलं, कोणत्या दिवशी किती दूध पोटात गेलं ते. मग शिपायाकडे वळले. "खोकं उघड." स्टँडवर एस्टीचा हॉर्न वाजला आणि गाडी खोक्यावाचून गेली.

सोमवारची वाट न बघता चांगुणाच्या पोरीला तिसऱ्या प्रहरी बाटली लागली. उकंडालाही पुन्हा लावली. तो वाचेल का, हे सोजराबाईने विचारलं नाही. कोणत्या तोंडाने विचारणार? सिंधूताई आता कापूस तिच्याजवळ ठेवत नव्हती. स्वतः येई, उकंडाचे ओठ ओले करी, बोळा आणि वाटी उचलून घेऊन जाई. जाताना आजीकडे पाहत नसे.

उकंडा रडू लागला, तोंड धुंडाळू लागला. सोजराबाईने दोन्ही हात मांडीत घट्ट धरले. मग काही करायचं म्हणून ती बाटलीतला थेंब बघू लागली. एक थेंब पडला, एक मणी सरला.

"मोजून राह्यली का वं?" पलीकडून चांगुणाचा आवाज आला. राग अजून गेलेला नव्हता.

"हो."

"मोजतच हायेस तं माह्या पोरीचेही मोज. मले इथं डोळा लागते." आणि थोडं थांबून, "थांबलं तं खरं सांगजो."

सोजराबाईने मान वर केली नाही. खाटेच्या कडेवर ती पुरती वळली, आणि दोन्ही बाटल्या दिसतील अशी बसली.