डिकीतला ओरिजनल पंखा

मी डिकीतून बोलतोय. आवाज दबका वाटला तर समजून घ्या, अंगाभोवती पांढरं लुगडं गुंडाळलेलं आहे. मी एका जुन्या मोटारीचा लोखंडी पंखा. चार पाती, मधे भोक, रूप म्हणावं असं काही नाही. तरी हुडकेश्वरच्या प्रेमानंदनं मला जिवापाड जपलं. एवढं जपायला नको होतं.

माझं काम सोपं होतं. रेडिएटरमधल्या पाण्याला वारा घालायचा, इंजिन तापू द्यायचं नाही. पण मी फिरायचो इंजिनाच्याच पट्ट्यावर. गाडी पळाली की मी पळणार, ती रेंगाळली की मीही रेंगाळणार. म्हणजे गर्दीत, जिथं वारा खरा हवा, तिथंच माझं अंग ढिलं.

गाडी प्रेमानंदच्या बाबांनी घेतली, सेकंड हँड. मिलमधून आले की ते आधी बॉनेट उघडून माझ्या पात्यांवरची धूळ पुसायचे, मग चहा. दर विजयादशमीला बायकोला, सिंधूताईला, मागच्या सीटवर बसवून दीक्षाभूमीला न्यायचे. छप्पन सालच्या दीक्षेला सिंधूताई तिथं बापाच्या खांद्यावर बसून गेली होती. तेव्हापासून तिनं एकही विजयादशमी चुकवली नव्हती. बाबा गेले, गाडी प्रेमानंदकडे आली, तरी नेम मोडला नाही.

शहर मात्र वाढलं. विजयादशमीला रस्ते तुंबायला लागले आणि आमची गाडी धापा टाकायला लागली. वाडीच्या गॅरेजचे भैयाजी मिस्त्री प्रेमानंदला म्हणाले, "साहेब, हा काढून टाका. इलेक्ट्रिक पंखा बसवून देतो. तो बॅटरीवर चालते, गाडी उभी राहिली तरी गरगर फिरते."

"बाबाच्या गाडीचा एक बोल्ट बदलू देणार नाही मी," प्रेमानंद म्हणाला. "ओरिजनल हाय, ओरिजनलच राहीन."

खोटं कशाला बोलू, मी फुगलो. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात लोक माझेसुद्धा फोटो काढायचे.

मग ती विजयादशमी आली. सिंधूताईचे गुडघे गेले होते. पांढरं लुगडं नेसून, मांडीवर मेणबत्त्या घेऊन ती मागे बसली. अजनीच्या अलीकडे गाड्या मुंगीच्या चालीनं सरकत होत्या. ऊन रणरणत होतं. मी कसाबसा फिरत होतो आणि माझ्यासमोर पाणी उकळत होतं. शेवटी बॉनेटमधून वाफेचा लोट निघाला आणि गाडी थांबली.

तेवढ्यात शेजारची भावना ऑटोतून बाजूला आली. तिनं डोकं बाहेर काढलं. "आजी, चाला ना आमच्यासंग! जागा हाय."

"नाही वं भावना," उत्तर प्रेमानंदनंच दिलं. "आई दरसाल बाबाच्याच गाडीनं जाते. गाडी थंडी झाली का निघतोच आम्ही."

सिंधूताईनं दाराला हात लावला होता. तो तिनं हळूच काढून घेतला. ऑटो गर्दीत पुढे निघून गेला.

गाडी थंड व्हायची, जरा सरकायची, पुन्हा उकळायची. असं करता करता दिवस मावळला. सिंधूताई म्हणाली, "चाल गा घरी. काहून जीव जाळून राहिला? पुढच्या साली जाऊ." उन्हानं तिच्या मेणबत्त्या वाकल्या होत्या.

पुढची विजयादशमी तिनं पाहिली नाही. मे महिन्यातच गेली.

त्यानंतर प्रेमानंद स्वतःहून वाडीला गेला. "काढा," एवढंच बोलला. भैयाजींनी पाना लावला आणि माझ्या जागी इलेक्ट्रिक पंखा बसला. पण प्रेमानंदनं मला भंगारात टाकू दिलं नाही. घरी आणून त्यानं मला आईच्या त्याच लुगड्यात बांधून डिकीत ठेवलं, शेजारी त्या वाकड्या मेणबत्त्या ठेवल्या.

या विजयादशमीला आम्ही निघालो. अजनीच्या अलीकडे तशीच गर्दी. गाडी उभी होती आणि पुढे नवा पंखा घरघरत होता. इंजिन जराही तापलं नाही. पोलीस जिथं गाड्या अडवतात, तिथवर आम्ही आरामात पोचलो. प्रेमानंद उतरला, मागचं दार उघडलं आणि सवयीनं म्हणाला, "उतर वं आई, आलो."

ते दार बराच वेळ उघडंच होतं.

मग त्यानं डिकी उघडली, मेणबत्त्या घेतल्या, माझ्यावरून एकदा हात फिरवला आणि एकटाच चालत गेला.

प्रेमानंद, तू परत आलास की मला कोणत्याही भंगारवाल्याला देऊन टाक. बाबांची आठवण म्हणून ठेवू नकोस. लुगडं तेवढं आधी सोडव आणि धुऊन ठेव. माझ्या ग्रीसचे डाग पडताहेत त्याच्यावर.