करडी धूळ

दहावा स्क्रू निघेपर्यंत वैजनाथ तीनदा स्टुलावरून उठला आणि तीनदा बसला.

“काका, तुमच्या उठबशीत माझा एखादा स्क्रू हरवायचा,” रेश्मा मान वर न करता म्हणाली.

“चारच्या गाडीनं पोरगी जानार हाय. दोन वाजून गेलं.”

“होईल तासाभरात. बसा.”

नागापूरच्या चौकातलं रेश्माचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि दोन स्टुलं. पण हाताला गुण असा, की एमआयडीसीतले साहेब लोकही तिच्याकडेच यायचे. वैजनाथने लेकीचा लॅपटॉप आणला होता, आणि तोही लेकीला न सांगता. धनश्री बँकेच्या परीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्याला राहायची. दोन दिवसांसाठी घरी आली, तर दोन्ही दिवस लॅपटॉपच्या पंख्याची नुसती घरघर. झाकण मिटलं तरी मशीन झोपायचं नाही, पिशवीतल्या पिशवीत तव्यागत तापायचं. नीट करून आणतो म्हटलं, तर पोरगी म्हणे, “राहू द्या आण्णा, पुण्यात दाखवते.” चार वेळा म्हणाली. आज ती आईबरोबर मामाकडे गेली, तशी वैजनाथने संधी साधली. गुपचूप नीट करून ती जाताना तिच्या हातात ठेवायचा, एवढाच त्याचा बेत.

रेश्माने खालचं झाकण उचललं आणि तिचे हात थांबले. पंख्याच्या पात्यांवर करडा थर बसला होता. तिने स्क्रू ड्रायव्हरचं चुंबकी टोक जवळ नेलं, तशी ती धूळ मांजराच्या पाठीवरच्या केसांसारखी उभी राहिली.

“ही घरातली धूळ नाही, काका. लोखंड आहे.” मग तिने पडद्याच्या कडेला बोट लावलं. तिथेही तेच कण दाट चिकटले होते. “इथं आत लोहचुंबक असतं. झाकण मिटलं, आता झोपायचं, हे मशीनला त्याच्यावरून कळतं. या धुळीनं ते पार लिंपून टाकलंय. बिचाऱ्याला कळणार कसं?”

“माझ्या कपड्यावरली असंल,” वैजनाथ घाईने म्हणाला. “बावीस वर्सं फाउंड्रीत हाय मी.”

“ती घरी किती दिवस असते?”

“दोन. दिवाळीला चार.”

रेश्माने पंखा त्याच्यापुढे सरकवला. वैजनाथने चिमूटभर धूळ उचलून अंगठ्यावर चोळली. त्याच्या फाउंड्रीतली बिडाची धूळ काळी, काजळासारखी मऊ. ही टोचत होती. हे पोलाद होतं, फिरत्या दगडावर घासताना ठिणग्यांबरोबर उडणारं. हातच्या काकणाला आरसा कशाला?

त्याचा बाप ऊसतोडीला जायचा. वैजनाथने कोयता सोडून लोखंड धरलं, आणि एके दिवशी त्या लोखंडाचा बारीक कण उजव्या डोळ्यात गेला. दवाखान्यात कण काढला, पण बुबुळावर डाग राहिला तो राहिलाच. धनश्री तेव्हा सातवीत होती. आपली पोरगी लोखंडाला हात लावणार नाही, अशी त्याने त्या दिवशी शपथ खाल्ली आणि कंपनीत, गावाकडे, ज्याला त्याला सांगून ठेवली. मागच्या दिवाळीनंतर त्याच्या कामाच्या पाळ्या कमी झाल्या, तेव्हा धनश्री फोनवर सहज म्हणाली होती, “आण्णा, आता पैसे नका पाठवू. लहान मुलांच्या शिकवण्या घेते मी.” आणि या शहाण्याने ते गोड मानून घेतलं होतं.

“शिकवन्या,” तो स्वतःशीच म्हणाला. उठून दाराशी गेला, परत आला. राग असा चढला होता, की कानशिलं तापली होती. “पन कारखान्यात काम करताना लॅपटॉप कशाला उघडंल कुनी?”

“कामात नाही उघडायची.” रेश्मा ब्रशने पाती झाडत होती. “चहाच्या सुट्टीत उघडत असेल, अभ्यासाला. शेजारी कुणाचं तरी घासायचं मशीन चालू असणार.”

वैजनाथ स्टुलावर बसला. या वेळी मात्र उठला नाही. राग शोधू गेला तर सापडेना. दहा मिनिटांच्या सुट्टीत, चहा सोडून, ठिणग्यांशेजारी मान खाली घालून वाचणारी पोर डोळ्यांपुढून हलेना.

“तिला सांगा काका, तिथं बसू नको म्हणावं. नाहीतर सहा महिन्यांत परत हेच.”

“सांगतो,” वैजनाथ म्हणाला.

तो घरी पोचला तेव्हा धनश्री दारातच उभी होती.

“आण्णा, माझा लॅपटॉप?”

“हा काय. बघ, आवाज बंद.”

“काय झालं होतं?” तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

“धूळ हुती. पुन्याची.”

धनश्रीने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि ती आत आईजवळ गेली. लंकाबाई लेकीसाठी भाकरी बांधत होती. वैजनाथने पत्र्याची पेटी उघडली, तळाचं काहीतरी काढलं आणि लॅपटॉपच्या पिशवीत सरकवलं.

स्टँडवर गाडी लागली होती. धनश्रीला खिडकीजवळची जागा मिळाली. पाण्याची बाटली काढायला तिने पिशवीत हात घातला आणि तो आतच राहिला. बाहेर आला तेव्हा हातात कामाचा गॉगल होता. वैजनाथचा डोळा गेल्यावर, म्हणजे जायचा वाचल्यावर, कंपनीने दिलेला. चांगला म्हणून त्याने तो कधी वापरलाच नव्हता, प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं.

“आण्णा...” ती म्हणाली.

“कडंनी बंद हाय तो,” वैजनाथ खिडकीच्या गजाला धरून म्हणाला. “बारीक कन बी आत येत न्हाई.”

कंडक्टरने घंटी वाजवली. गाडी हलली, तसा तो चार पावलं बरोबर चालला.

“आन् सुट्टीत आदी चहा घेत जा,” तो म्हणाला. “मग अभ्यास.”