तंबूतला उन्हाळा

वहिनीच्या पार्लरमध्ये दोन खुर्च्या, एक बेसिन आणि भिंतभर आरसा. ती कुणाशी तोंडाकडे बघून बोलत नसे, आरशात बघून बोलायची. गिऱ्हाईकही मग आरशातल्या वहिनीशीच बोलू लागे आणि केस वाळेपर्यंत घरातलं सगळं ओकून मोकळं होई. तिला वहिनी म्हणायची सुरुवात तिच्या दिराने केली. तो रोज कामावरून येऊन दुकानात 'वहिनी, वहिनी' करत बसायचा, ते बायकांनी उचललं. दिराला घरात धाकटा म्हणत. लग्नाचं वय उलटत आलं तरी धाकटाच.

अध्यक्षबाई तिच्या जुन्या गिऱ्हाईक. त्या हवामान बचाव आघाडीच्या अध्यक्ष होत्या. त्यांचं डोकं सगळं पांढरं झालं होतं. पण पांढऱ्या केसांनी भाषण केलं की लोक खुर्ची आणून देतात आणि काळ्या केसांनी केलं की कुणी मनावर घेत नाही, असा त्यांचा अनुभव. म्हणून सगळे केस काळे करायचे आणि कपाळावरची एक बट तेवढी पांढरी ठेवायची, असा वहिनीला हुकूम होता. उरलेली सगळी काळजी ती बट करायची. फोटोत बाई नुसत्या गप्प बसल्या तरी पृथ्वीचं ओझं वाहताहेत असं वाटे.

तर अशाच एका दुपारी डाय लावताना वहिनीच्या तोंडून नवऱ्याचा विषय निघाला. तिचा नवरा पार्सलच्या गोदामात होता. वर पत्रा, खिडकी नाही, हवा यायची ती ट्रक लागला की दारातून. मागच्या उन्हाळ्यात तो रॅकच्या मधल्या बोळात खाली बसला आणि आडवा झाला. येणाऱ्या जाणाऱ्यांना वाटलं, जरा टेकलाय. पाळी बदलल्यावर लोक उठवायला गेले, तेव्हा उठवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मालकाने फुलांचा गुच्छ पाठवला आणि त्याला आधीपासून हृदयविकार होता, असं सगळ्यांना सांगितलं. नवऱ्याने जन्मात हृदयाची गोळी घेतली नव्हती. आणि आता त्याच पत्र्याखाली धाकटा खोकी उचलत होता, कारण दुसरं काम मिळत नव्हतं.

आरशात अध्यक्षबाईंचे डोळे भरून आले. ते खोटे नव्हते, एवढं वहिनीने मान्य केलं. पण भरलेल्या डोळ्यांमागे बाईंचं डोकं कामाला लागलेलं तिला दिसलं. बाई म्हणाल्या, ही गोष्ट देशासमोर यायला हवी. आघाडी उन्हाचा कायदा मागतेय, कामगाराला पाणी, सावली आणि भर दुपारी विश्रांती. सगळं तयार आहे, फक्त चेहरा नाही.

चेहरा देण्याबद्दल वहिनीला काही नव्हतं. पण फुकट द्यायला ती काही बावळट नव्हती. तिने ब्रश वाटीत ठेवला आणि सांगितलं, धाकट्याला त्या गोदामातून बाहेर काढा, मग गोष्ट तुमची. बाईंनी डाय लावलेल्या डोक्यानेच फोन फिरवला आणि धाकट्याला आघाडीत कामाला लावून टाकलं. त्या रात्री वहिनीला कितीतरी महिन्यांनी पडल्या पडल्या झोप लागली. नवऱ्याला वाचवता आलं नाही, निदान त्याच्या भावाला त्या भट्टीतून ओढून काढलं, असं तिला वाटलं.

धाकट्याला काम काय, असं विचारलं की तो म्हणायचा, मैदानावर सामान सांभाळतो. संध्याकाळी यायचा तो लालबुंद होऊन, दोन तांबे पाणी पिऊन आडवा व्हायचा. मैदान म्हटलं की ऊन लागणारच, म्हणून वहिनीने फार चौकशी केली नाही. दुकान, गिऱ्हाइकं, घर, यात तिला मैदानावर जायला फुरसत होती कुठे.

आघाडीने मंत्र्यांना मैदानावर बोलावलं त्या दिवशी मात्र तिला गाडी पाठवून नेलं. मैदानाच्या मधोमध एक भलामोठा तंबू उभा होता. दारावर पाटी: 'कामगाराचा उन्हाळा, तीन मिनिटं अनुभवा'. कल्पना अशी, की बड्या लोकांना भाषणं ऐकून उन्हाचं काही कळत नाही, तर त्यांना प्रत्यक्ष भाजून काढावं. तंबूला दुहेरी जाड कापड, आत चार बाजूंना मोठे हीटर. हीटरला वीज पुरवायला मागे डिझेलचा जनरेटर धडधडत होता. त्याचा धूर दिसू नये म्हणून त्याच्यापुढे हिरव्या पानाचं चित्र असलेला उंच पडदा लावला होता. पान सकाळपासून काळं पडत चाललं होतं. पाहुणा आत तीन मिनिटं घाम गाळायचा, बाहेर आला की त्याला थंडगार पाणी, गार पंचा आणि छातीवर लावायला बिल्ला मिळायचा. बिल्ला लावलेले लोक युद्ध जिंकून आल्यासारखे मैदानभर हिंडत होते.

वहिनीने तंबूचा पडदा बाजूला केला. आत निळे रॅक होते. तेच, गोदामातले. आणि रॅकमध्ये गोदामाचा खाकी शर्ट घालून धाकटा खोकी चढवत होता.

तिला बघून तो ओशाळला. हातातलं खोकं खाली ठेवावं की वर, हे त्याला कळेना.

तंबूचा व्यवस्थापक मोठा उत्साही माणूस होता. त्याने न विचारता सगळं सांगितलं. रॅक, खोकी, शर्ट, सगळं गोदामाच्या मालकाने दिलंय, तंबूचा खर्चही त्यांचाच, फार मोठ्या मनाचे गृहस्थ आहेत. आणि हा तर या प्रयोगाचा जिवंत भाग आहे, खरोखरचा कामगार. हा मध्ये मध्ये बाहेर का येत नाही, असं वहिनीने विचारलं तेव्हा व्यवस्थापक समजावणीच्या सुरात म्हणाला की पडदा सारखा उघडला तर उष्णता निघून जाते, मग पुन्हा तापवायला डिझेल जास्त लागतं. आणि डिझेल वाया घालवणं आघाडीच्या तत्त्वात बसत नाही.

म्हणजे पाहुणे तीन मिनिटं आणि धाकटा दिवसभर. इतक्या शिकलेल्या माणसांनी गोदामाचं हुबेहूब गोदाम केलं होतं, आतला माणूससुद्धा न विसरता. वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धाकट्याला तिथून हाताला धरून बाहेर काढायला ती निघालीच होती, तेवढ्यात अध्यक्षबाईंनी तिचा दंड धरला. त्यांच्या कपाळावरची बट वाऱ्यावर हलत होती. त्या कानाशी म्हणाल्या, आजचा एक दिवस सोसा, मंत्रिमहोदय कायद्याची घोषणा करायला आलेत, लाखो कामगारांचा प्रश्न आहे. पलीकडे गाड्या थांबल्याच होत्या. लाखोंपुढे एकाचं काय, असं वहिनीला क्षणभर खरंच वाटलं, आणि ती गप्प बसली. तेवढं तिचं चुकलं.

तिने तंबूच्या दारात उभं राहून नवऱ्याची गोष्ट सांगितली. मंत्री मान हलवत ऐकत होते. मग सगळे आत शिरले: मंत्री, अध्यक्षबाई, कॅमेरेवाले, मोठ्या मनाचे मालक. दार भरून माणसं, त्यात हीटर. धाकट्याने एक खोकं उचललं, दुसरं उचललं, तिसऱ्याला हात घातला आणि गुडघे मोडून खाली बसला. मग कुशीवर आडवा झाला.

टाळ्या पडल्या.

आधी मंत्र्यांनी वाजवल्या, मग सगळ्यांनी. मंत्र्यांनी डोळ्यांना रुमाल लावला आणि किती जिवंत अभिनय आहे, असं मालकांना म्हणाले. मालकांनी विनयाने मान झुकवली. वहिनी माणसं ढकलत आत घुसली. तिने बाहेरच्या टेबलावरचा पाहुण्यांचा पाण्याचा जग उचलून आणला होता, तो अख्खा धाकट्याच्या डोक्यावर ओतला, शर्ट टराटरा फाडला आणि काखेत हात घालून त्याला ओढत बाहेर गवतावर आणलं. टाळ्या वाढल्या. ती ओरडली असती, पण तिचा श्वासच पुरत नव्हता. धाकट्याने डोळे उघडले तेव्हा मंचावर घोषणा चालू होती. कायद्यासाठी एक समिती नेमली जाईल. आणि हा तंबू राष्ट्रीय मोहीम म्हणून देशातल्या प्रत्येक शहरात नेला जाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षबाई दुकानात हजर. दुपारी परदेशी पाहुणे यायचे होते आणि मुळाशी पांढरं दिसू लागलं होतं. धाकटा कोपऱ्यातल्या स्टुलावर ओला पंचा डोक्यावर घेऊन बसला होता. बाईंनी त्याच्या तब्येतीची चौकशी केली, फळांची पिशवी दिली, खुर्चीत बसल्या. वहिनीने डाव्या बाजूपासून डाय लावायला घेतला.  

बाईच बोलल्या. कालचा तो क्षण सगळ्या वाहिन्यांवर गेलाय, म्हणाल्या. एवढ्या वर्षांत आघाडीला जमलं नाही ते एका मिनिटात झालं. तेव्हा धाकट्याला आता कायम करून घेतोय, पगार वाढवून. प्रत्येक शहरात मोहिमेबरोबर जायचं. आणि दिवसातून एकदाच, कुणी मोठं माणूस आलं तर, कालच्यासारखं पडायचं. खरं नाही हं, नुसतं पडायचं. आज दुपारी बाराला जमेल का?

वहिनीने आरशात धाकट्याकडे पाहिलं. तो नाही म्हणेल याची ती वाट पाहत होती. त्याने पंचा पिळला, पुन्हा डोक्यावर ठेवला.

"जातो मी वहिनी," तो म्हणाला. "दादा पडला तेव्हा कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. इथे टाळ्या तरी वाजल्या."

 वहिनीला रडू फुटलं असतं, पण आरशात बाईंचा चेहरा होता. त्यावर समाधान होतं, काम झाल्याचं. तिने ब्रश वाटीत टाकला आणि दुकान थाटल्यापासून पहिल्यांदा खुर्ची गर्रकन फिरवून गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघितलं.

"तो पडला तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवत होतात?"

"अहो, सगळेच वाजवत होते. मला वाटलं..."

"अभिनय."

"नाही, म्हणजे... तुम्ही मोठं चित्र बघा ना. एका गोदामाचा प्रश्न नाहीये हा."

"मालकाला पत्र्याला झरोके पाडायला सांगितलंत का कधी? दुपारी माणसं बसवायला?"

बाई म्हणाल्या की तो फारच स्थानिक मुद्दा झाला, आणि ज्याच्या पैशावर तंबू उभा आहे त्याला असं काही सांगणं अवघड असतं, हे वहिनींनी समजून घ्यावं. वहिनीने समजून घेतलं. तिने बाईंच्या अंगावरचं कापड सोडलं, झटकलं आणि घडी घातली.

"उठा."

"अहो, अर्धंच झालंय."

"असू दे. थोडी कळ काढा, बाहेर गेलात की थंड पाणी मिळेल."

बाईंनी बेसिनकडे पाहिलं. वहिनी बेसिनच्या पुढे उभी राहिली. डाव्या अंगाला काळा चिखल, उजव्या अंगाला मुळांशी पांढरं रान, आणि ती बट कुठल्या बाजूची म्हणायची हे बटेलाच ठरवता येईना, अशा अवस्थेत हवामान बचाव आघाडीच्या अध्यक्ष डोक्यावर रुमाल गुंडाळून गाडीत बसल्या.

धाकटा भडकला. आयती चालून आलेली नोकरी घालवलीस, म्हणाला, आता पुन्हा गोदामातच जायचं ना? वहिनी म्हणाली, हो, गोदामातच, आत्ताच. तिने दुकानाचं शटर ओढलं.

भर दुपारी दोघं गोदामाच्या फाटकाशी पोचली. पहारेकऱ्याने वहिनीला ओळखलं आणि तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. ट्रकमधून माल उतरवणारी माणसं होती, त्यांच्यासमोर तिने नवऱ्याची गोष्ट सांगितली. इथे माइक नव्हता आणि सांगण्यासारखं नवं काही नव्हतं, ती माणसं तेव्हा तिथेच होती. पण त्यांनी ती गोष्ट कधी ऐकली नव्हती, कारण कुणी सांगितलीच नव्हती. तिने कुणाला बोल लावला नाही. शेवटी एवढंच म्हणाली की आज ऊन कालच्यापेक्षा जास्त आहे, तर जरा बसा.

आधी एक म्हातारा हमाल फाटकाच्या भिंतीच्या सावलीत बसला. मग दोघे बसले. मग आतून रॅकवरची माणसं घाम पुसत आली आणि तीही बसली. धाकटा बराच वेळ उभा होता, सगळ्यांकडे बघत. मग त्या म्हाताऱ्याने सरकून त्याला जागा केली.

सुपरवायझर धावत आला. आधी दटावलं, मग विनवलं, मग मालकांना फोन लावला. फोन वाजत राहिला. त्याने मैदानावरच्या कुणाला तरी लावला, ऐकून घेतलं आणि फोन खाली केला. मालक कुठे आहेत, असं वहिनीने विचारलं.

सुपरवायझरने खाली बघत सांगितलं की मालक आत्ता भेटू शकत नाहीत. परदेशी पाहुण्यांबरोबर तंबूत आहेत. कामगाराच्या उन्हाचा अनुभव घेताहेत.

कुणीतरी फस्सकन हसलं, मग सगळी भिंत हसली.  थोडा वेळ सुपरवायझर उन्हात तसाच उभा राहिला आणि मग त्यांच्याच शेजारी येऊन बसला.