चाळीस फारसी प्रश्न

१९३७ साली कळमनुरीत जाहेदाला फारसी शिकवण्याची साधनं अशी होती: शाळेतली एक जुनी वाचनमाला, फारसी वाचता येणारा मी, आणि बोलणारं माणूस कुणीच नाही.

तिचे वडील जलालुद्दीन इराणात तेलाच्या कारखान्यात फिटर होते. दिवाळीनंतर ते बायको-मुलीला न्यायला येणार होते. तिथली इंग्रजी शाळा साहेबांच्या मुलांची. उरली फारसी शाळा, आणि तिथं तोंडी परीक्षा घेऊनच वर्गात बसवत. "मास्तर, तुम्ही चाळीस प्रश्न विचारून पाहा," त्यांनी मला कळवलं होतं. "तीस जमले तर तिला नेतो. न्हाई तर हट्टा गावी मामाकडं राहील, तिथंच शिकेल."

पहिल्या खेपेला अकरा जमले.

"वाचते तर फाडफाड," मी तिच्या आईला, फातिमाबींना, म्हणालो. "कानाला मात्र काही कळत नाही."

"कळंल कसं? तुमचं पुस्तक बोलतंय व्हय?"

फातिमाबी आठवडी बाजारात बांगड्या विकत. पुढच्या बाजारी त्यांनी नेहमीची जागा सोडली आणि जाहेदाला घेऊन चाकू-चष्मे विकणाऱ्या इराणी बाईशेजारी बांगड्यांची पाटी मांडली. त्या लोकांचा तळ वारंग्याजवळ पडला होता.

"तिला अक्षरओळख नाही," मी म्हणालो. "तिची फारसीही पुस्तकातली नव्हे."

"पोरीला पाणी मागता आलं म्हंजे झालं, मास्तर."

अडचण दुसरीच निघाली. चाकूशेजारी बसून बांगड्या भरायला बायका तयार होईनात.

"काहून गं फातिमा, हितं बसून राहिलीस? अपशकुन हाय!" चंदाबाई लांबूनच ओरडली.

"मग दोन डझन घेऊन जा की. तेवढाच कमी होईल!"

चंदाबाई हसली, पण आली नाही. पाटी जवळजवळ भरलेलीच घरी गेली. पुढच्या बाजारी फातिमाबी पुन्हा तिथंच बसल्या, त्याच्या पुढच्याही.

इराणी बाई जाहेदाला चष्मे पुसायला लावी, चुकली की रागावे, पाणी आणायला पिटाळी. एकदा जाहेदानं तिला असं काही उलट उत्तर दिलं, की बाई पोट धरून हसली. मला त्यातलं निम्मंच कळलं. फातिमाबींना एक अक्षरही कळलं नव्हतं, तरी त्यांचा चेहरा उजळला होता. प्रयोगाची मांडणी मला कॉलेजात शिकवली होती. फातिमाबींनी बाजारात केली तितकी नेटकी मी क्वचितच पाहिली.

जलालुद्दीन आले. शाळेच्या दारात उभे राहून त्यांनी सगळं ऐकलं. मी एकेक प्रश्न विचारत गेलो.

चाळीसपैकी तेहेतीस.